पान १४३ वर काहीच नव्हतं

२०२५ च्या मार्चमध्ये लेकीच्या शाळेतून एक ईमेल आला, सब्जेक्ट लाइन इतकी बोअर होती की मी तो डिलीटच करणार होते. लायब्ररी मटेरियल रिव्ह्यू कमिटीसाठी दोन पालक हवेत म्हणे. मला वाटलं जुनी फाटकी पुस्तकं बाजूला काढायची असतील, एखादा शनिवार जाईल, कॉफी-डोनट मिळेल, म्हणून हो टाकलं. नवरा म्हणाला, "अगं नीट वाच तरी कशाला हो म्हणतेयस." नाही वाचलं. पुढचे तीन महिने त्यात गेले.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, लेक तेव्हा सातवीत, मिडल स्कूलला. कमिटी कशासाठी तर लायब्ररीतल्या एका पुस्तकावर एका आईने हरकत घेतली होती. इथे हरकत घेतली की पुस्तक "चॅलेंज" झालं म्हणतात आणि खरंच काढून टाकलं तर "बॅन". पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक गूगल करतात आणि नेमकी तीच अडीच पानं समोर येतात. गोष्ट थोडक्यात अशी, बारा वर्षांची मुलगी, आईची नाइट शिफ्ट, घरात राहायला आलेला मामा. काय ते कळलं असेल. जे घडतं ते अडीच पानात आहे आणि त्यातही वर्णन असं काही नाहीच, दाराच्या कडीचा आवाज आहे आणि ती मुलगी छतावरचे डाग मोजत राहते तेवढं आहे. बाकीचं दोनशे पानांचं पुस्तक ती हे कोणाला कसं सांगते त्याबद्दल आहे.

पण हे मला नंतर कळलं. पहिल्या मीटिंगला आमच्या हातात पडली ती अडीच पानांची झेरॉक्स, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, आणि ती वाचून मी खरं सांगते, मनात ठरवूनच टाकलं की हे मिडल स्कूलमध्ये नको. बारा वर्षांच्या मुलांनी हे का वाचायचं? अर्ज देणारी बाई चूक नाहीये असंच वाटलं मला. तिचा मुलगा सहावीत, त्याच्या दप्तरात पुस्तक सापडलं, तिने मध्येच उघडलं आणि नेमकं ते पान निघालं. कोणाच्याही पोटात गोळा येईल.

कमिटीत सात जण. व्हाइस प्रिन्सिपल अध्यक्ष, आमची लायब्ररियन, इंग्लिशची टीचर, काउन्सेलर, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्याच (म्हणजे एकाच बोर्डाखालच्या शाळांमधल्या) दुसऱ्या शाळेची रिटायरमेंटला आलेली एक लायब्ररियन (हिला मी मनातल्या मनात आजीबाई म्हणायचे), आणि दोन पालक, मी आणि एक बाबा. हा बाबा पहिल्याच मीटिंगला म्हणाला की हे ऑब्सीन, म्हणजे अश्लील आहे, हे मुलांना देणं गुन्हा आहे, विषय संपला. इंग्लिशच्या टीचरने शांतपणे सांगितलं की ऑब्सीन हा कायद्यातला शब्द आहे, १९७३ च्या मिलर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या तीन कसोट्या दिल्यात आणि त्यात पुस्तक आख्खं धरून बघायचं असतं, एक पान फाडून नाही. बाबा म्हणाला मी वकील नाहीये. ती म्हणाली मीपण नाहीये, म्हणून तर आपण वाचूया.

मग पॉलिसी. लायब्ररियनने सगळ्यांना अकरा पानी पॉलिसीची कॉपी दिली. ती पॉलिसी डिस्ट्रिक्टने कधीतरी करून ठेवलेली, कोणी उघडली नसेल कित्येक वर्षं, पण सगळा खेळ तिच्यावर होता. पुस्तकं कशी निवडायची ते त्यात होतं, हरकत आली तर काय करायचं ते होतं. निर्णय होईपर्यंत पुस्तक शेल्फवरच राहणार. कमिटीतल्या प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. निर्णय पूर्ण पुस्तकावर द्यायचा. बास, मला तर वाटतं अर्धी लढाई या तीन वाक्यांनी जिंकली. कारण प्रत्यक्षात काय झालं होतं, अर्ज आला त्याच संध्याकाळी प्रिन्सिपलनी पुस्तक शेल्फवरून काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकलं होतं, भानगड नको म्हणून. लायब्ररियन दुसऱ्या दिवशी पॉलिसीचं ते पान प्रिंट करून त्यांच्या केबिनमध्ये गेली, टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. तिने नंतर मला सांगितलं की तिचे हात थरथरत होते आणि ती एक अक्षर बोलली नव्हती. प्रिन्सिपलनी वाचलं आणि ड्रॉवर उघडला.

त्याच मीटिंगमध्ये बाबाने विचारलं की आत्तापर्यंत हे कोणकोणत्या मुलांनी नेलंय त्याची लिस्ट द्या, आपण त्यांच्या आईवडिलांना कळवू. ऐकायला अगदी रीझनेबल, मी मान पण डोलावली. लायब्ररियन म्हणाली, तीन वर्षांत अकरा वेळा इश्यू झालंय, एवढंच सांगते, नावं नाही. बाबा चिडला. ती म्हणाली कोणी काय वाचलं हे रेकॉर्ड आपल्या राज्याच्या कायद्याने गोपनीय आहे, आणि कायदा नसता तरी नसतं सांगितलं. आवाज अगदी बारीक होता तिचा, पण हलली नाही.

तर वाचायला घेतलं. दोन रात्री लागल्या, इंग्रजी सोपं आहे, लहान लहान धडे. पहिल्या रात्री मी अर्जाची कॉपी शेजारी घेऊन बसले होते, अर्जात लिहिलं होतं आक्षेपार्ह मजकूर पान १४३ ते १४५. मी पान १४३ उघडलं. त्यावर ती मुलगी कुत्र्याला अंघोळ घालत होती. १४४ वर कुत्रा साबणासकट पळून जातो, १४५ वर शेजारच्या आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्यात शिरतो. मला वाटलं मीच काहीतरी चुकतेय. मग ती झेरॉक्स काढली, जुळवून जुळवून बघितलं तर तो मजकूर आमच्या कॉपीत ११८ वर होता.

दुसऱ्या मीटिंगला मी हे सांगितलं, लाजत लाजतच, की बाई माझ्या पुस्तकाची पानं वेगळी आहेत का? आजीबाई हसल्या. म्हणाल्या शाळेकडे पेपरबॅक आहे, १४३ हे हार्डकव्हरचं पान आहे. म्हणजे अर्ज देणाऱ्या बाईने पान मुलाच्या दप्तरातल्या पुस्तकातून लिहिलंच नव्हतं, एका वेबसाइटवर अशा पुस्तकांच्या याद्या असतात, पान नंबर, उतारे, किती वाईट त्याचे मार्क, सगळं रेडीमेड, तिथून उतरवलं होतं, एक स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी. आणि अर्जातल्या "आपण पूर्ण पुस्तक वाचले आहे का" या प्रश्नापुढे तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, नाही, संबंधित भाग वाचले. मला तिचा राग नाही आला, उलट वाटलं की ती घाबरून नेटवर गेली आणि नेटने तिला अजून घाबरवलं, आपण ताप आला की लक्षणं गूगल करतो तसंच.

नंतर एप्रिलमध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे २०२४ चे आकडे आले तेव्हा मी मुद्दाम बघितले. त्यांच्याकडे नोंद झालेले पुस्तकं काढायचे ८२१ प्रयत्न, त्यातले ७२ टक्के संघटित गट आणि सरकारी मंडळी यांच्याकडून, पालकांकडून फक्त १६ टक्के. वॉशिंग्टन पोस्टने त्याआधी २०२१-२२ च्या हजारभर तक्रारी काढून वाचल्या होत्या, तर त्यातल्या ६० टक्के मिळून अकरा माणसांनी केलेल्या निघाल्या. अकरा! म्हणजे आमची बाई खरंच एक आई होती हेच त्या मानाने दुर्मिळ म्हणायचं.

तरीपण माझं मत पूर्ण बदललं नव्हतं. पुस्तक चांगलं आहे हे पटलं, शेवटच्या भागात ती मुलगी आर्टच्या टीचरला सांगते तिथे मी रडले पण, पण मला वाटत होतं की मधला मार्ग काढू. शेल्फवर नको, लायब्ररियनच्या टेबलामागे ठेवू, आईबाबांची सही आणली की द्यायचं. कोणाचंच नुकसान नाही. पर्यायांच्या यादीत ते होतंच, ठेवणे, हायस्कूलला हलवणे, परवानगीने देणे, काढणे. मी तिसऱ्या मीटिंगला छान मुद्दे काढून गेले होते.

आजीबाईंनी आधी एक गोष्ट सांगितली. १९५९ साली अलाबामात सशांच्या लग्नाचं एक चित्रपुस्तक होतं, तीन ते सात वर्षांच्या मुलांचं, एक ससा काळा आणि एक पांढरा. त्यावरून राजकारणी पेटले, एका स्टेट सिनेटरने तर जाळायचीच भाषा केली. राज्याच्या लायब्ररी विभागाच्या प्रमुख होत्या एमिली रीड, त्यांनी पुस्तक काढायला ठाम नकार दिला, पण मधला मार्ग म्हणून ते रिझर्व्ह शेल्फवर हलवलं, मागितलं तरच मिळेल असं. आजीबाई म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, पाच वर्षांचं पोरगं जे पुस्तक त्याला दिसतच नाही ते मागणार कसं? दुसरं उदाहरण आर्कान्सामधलं, २००३ चं, सीडरव्हिलच्या शाळेतलं. तिथे हॅरी पॉटरला पालकांची सही लागेल असं बोर्डाने ठरवलं होतं, पंधरा जणांच्या कमिटीने एकमताने ठेवा म्हटलं असताना. फेडरल जज्जने पुस्तकं परत उघड्या शेल्फवर ठेवायला लावली.

मी म्हटलं पण हे ससे आणि जादूगार, इथे विषय वेगळा आहे. तेव्हा काउन्सेलर, जी दोन मीटिंग जवळजवळ गप्प होती, ती म्हणाली, "सही कोणाची आणायची?" मला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, ज्या मुलीला हे पुस्तक सगळ्यात जास्त लागणार आहे तिने घरी जाऊन कोणाला सांगायचं की मला हे वाचायचंय, सही द्या?

कोणीच काही बोललं नाही. भिंतीवरच्या हीटरचा आवाज येत होता तेवढाच. ती पुढे म्हणाली की आम्ही सगळे शाळेतले लोक मँडेटेड रिपोर्टर आहोत, मुलाने सांगितलं की चाइल्डलाइनला कळवायचं हे कायद्याने बंधन आहे आमच्यावर, पण मुलाने आधी सांगायला पाहिजे ना, आणि त्यासाठी शब्द पाहिजेत, आणि बऱ्याच मुलांकडे ते शब्दच नसतात. बस एवढंच बोलली. माझे मुद्दे लिहिलेला कागद मी दुमडून पर्समध्ये टाकला.

घरी येऊन लेकीला विचारलं, हे पुस्तक माहितीये का तुला? म्हणाली हो, सहावीत वाचलं, दोनदा. माझ्या छातीत धस्स झालं. दोनदा का गं? "त्यात तो कुत्रा आहे ना, तो साबण घेऊन पळतो तो." आणि ते मामाचं? "हां ते पण आहे. पण ती सांगते ना टीचरला." आणि फ्रिज उघडून उभी राहिली. आई लोकांची झोप उडवणारं जे पान आहे ते हिने वाचलं, समजलं आणि पुढे गेली. अकरातल्या किमान दोन वेळा आमच्याच घरच्या होत्या हे मात्र मी कमिटीत सांगितलं नाही.

मतदान झालं, सहा विरुद्ध एक, पुस्तक राहणार. रिपोर्ट लिहायचं काम माझ्या आणि इंग्लिशच्या टीचरच्या गळ्यात पडलं. लायब्ररियनने एक फोल्डर दिलं, स्कूल लायब्ररी जर्नल आणि कर्कसमधली परीक्षणं, वयोगटाची शिफारस, पॉलिसीतला निवडीचा उतारा, कुठल्या कलमाला पुस्तक कसं बसतं ते. तो रिपोर्ट लिहिताना मला कळलं की पुस्तक छान आहे, मुलांना वाचू द्या, अशा भावनिक वाक्यांचा काडीचा उपयोग नसतो, कलम अमुक, म्हणून तमुक, असंच लिहावं लागतं. इन्कम टॅक्सच्या नोटिशीला उत्तर द्यावं तसं. आणि एक वाक्य टीचरने आग्रहाने टाकलं की अर्जदार पालकांना स्वतःच्या मुलापुरतं हे पुस्तक न देण्याची सोय आहे, सिस्टिममध्ये त्याच्या अकाउंटला नोट टाकता येते. ती सोय पहिल्या दिवसापासून होती, त्या बाईला कोणी सांगितलीच नव्हती बहुतेक.

बाईने अपील केलं. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, म्हणजे सुपरिंटेंडंटनी, कमिटीचा निर्णय कायम ठेवला, मग बोर्डाकडे. इथे मला खरी भीती वाटायला लागली, कारण आमच्या राज्यात स्कूल बोर्ड म्हणजे निवडून आलेले नऊ जण आणि ते वर्ष निवडणुकीचं, मे मध्ये प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची फेरी) होऊन गेलेली, नोव्हेंबरला मुख्य. बोर्ड कमिटीचं ऐकायला बांधील नाही. टीचरने मला आयलंड ट्रीज केसचं वाचायला दिलं होतं. लाँग आयलंडवरचं डिस्ट्रिक्ट, १९७५ मध्ये बोर्डाचे काही मेंबर एका कॉन्फरन्सहून नको असलेल्या पुस्तकांची यादी घेऊन आले आणि एका संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत जाऊन कार्ड कॅटलॉग चाळून बघितला त्यातली कुठली आपल्याकडे आहेत. तिथेही कमिटी होती, चार पालक चार स्टाफ, त्यांनी पाच पुस्तकं ठेवा म्हणून सांगितलं आणि बोर्डाने ते बाजूला ठेवून नऊ पुस्तकं काढली. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी आणि त्याचे सोबती कोर्टात गेले, १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले, पण तेही काठावर, पाच-चार, आणि बोर्डाला फक्त विचार आवडले नाहीत म्हणून पुस्तक काढता येणार नाही असं जे जज्ज ब्रेनन यांनी लिहिलं त्यामागे बहुमत उभं राहिलं नाही. त्यामुळे तो निकाल भरभक्कम आधार म्हणून धरता येत नाही. आणि आमची तारीख लागायच्या आधीच, मे महिन्यात, टेक्सासच्या लानो काउंटीच्या केसमध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की पब्लिक लायब्ररीने पुस्तक काढलं म्हणून वाचकाला माहिती मिळण्याच्या हक्कावरून दाद मागता येत नाही. पेनसिल्व्हेनियाला तो निकाल लागू नाही, पण बोर्डाच्या वकिलाने वाचला असणारच.

जूनची मीटिंग हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होती, एरवी म्हणे सहा माणसं असतात, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. दारात नाव लिहायचं, तीन मिनिटं मिळतात, समोर छोटा सिग्नल, हिरवा पिवळा लाल. एका माणसाने ती अडीच पानं मोठ्याने वाचली, एकही पॉज न घेता, सरकारी जाहिरात वाचावी तशी. ऐकताना भयंकर वाटलं, मलाच नको झालं. पाठोपाठ माझा नंबर.

मी लिहून नेलेलं भाषण होतं, स्वातंत्र्य वगैरे. नाही वाचलं. का कोण जाणे, मी पुस्तक उघडलं आणि म्हटलं आधीच्या सरांनी १२० वर थांबवलं, मी १२१ पासून वाचते. आणि वाचत गेले, ती मुलगी सकाळी उठते, केसांची वेणी तिला घालता येत नाही कारण हात थरथरतात, बस चुकते, शाळेत आर्टची टीचर नुसतं विचारते की आज तुझा उजवा हात दुखतोय का गं. माझे उच्चार इंडियन, मधे एका शब्दावर अडखळले, पिवळा लागला, लाल लागला, चेअरमनने थँक यू म्हटलं तरी मी ते वाक्य संपवलं. टाळ्या नाहीत. बसताना गुडघा खुर्चीवर आपटला, काळानिळा झाला होता आठवडाभर.

पाच-चारने राहिलं पुस्तक. आमच्याकडच्या पॉलिसीप्रमाणे आता तीन वर्षं त्यावर परत अर्ज करता येत नाही. पार्किंगमध्ये ती आई भेटली, अर्ज देणारी. मला वाटलं ओरडेल. म्हणाली तुम्ही वाचलंत ते पान मला माहीत नव्हतं. मग म्हणाली तरी मी माझ्या मुलाला नाही देणार. मी म्हटलं नका देऊ, तो तुमचा मुलगा आहे. ती गाडीत बसली. आमची मैत्री वगैरे झाली नाही, दुकानात दिसली तर दोघी मान हलवतो इतकंच.

सप्टेंबरपासून मी दर गुरुवारी लायब्ररीत व्हॉलंटियर करते, परत आलेली पुस्तकं शेल्फवर लावायची. ते पुस्तक त्याच्या जागी असतं कधी, कधी नसतं, त्यात अजून कमिटीतल्या कोणाच्या तरी पिवळ्या चिटकवायच्या चिठ्ठ्यांचा गम राहिलाय. मध्ये लायब्ररियन पुढच्या ऑर्डरची यादी करत बसली होती. एका नावावर पेन्सिल थांबली होती तिची. चांगली परीक्षणं, आमच्या वयोगटाचं, विषय परत जरा नाजूक, एका मुलाचे वडील जेलमध्ये आणि बरंच काही. तिने यादी माझ्याकडे वळवली आणि विचारलं, काय वाटतं, घेऊ?

नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. तिच्या डोळ्याखाली अजून काळी वर्तुळं होती.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी घे.

तिने बारीक रेघ मारली आणि पान उलटलं.